तारापूरला इंधन कोण देणार?

२ जानेवारी १९७८. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत होते आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्याशी त्यांची बोलणी चालली होती. मधल्या एका क्षणी कार्टर आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्याशी हळू आवाजात काही बोलले. जवळचा मायक्रोफोन चालू आहे, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. इंधन आता देतो असे आपण देसाईंना सांगितले आहे, पण परत गेल्यावर त्यांना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहिले पाहिजे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. वार्ताहरांनी ते ऐकले आणि जगभर छापून आणले.

ज्या इंधनावरून हे पत्र जायचे होते, ते लागत होते महाराष्ट्रात. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, बोईसर स्टेशनापासून थोड्या अंतरावर, समुद्राला लागून उभ्या असलेल्या तारापूर अणुवीज केंद्रात.

या प्रसंगातल्या माणसांचे महाराष्ट्राशी असलेले धागे पाहिले की थक्क व्हायला होते. मोरारजी देसाई जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची भूमिका मराठी माणूस अजून विसरलेला नाही. ट्रॉम्बेला अणुसंशोधनाची पायाभरणी झाली, तेव्हा राज्याचा कारभार त्यांच्याच हाती होता. अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत रॉबर्ट गोहीन यांचा जन्म तर १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात झालेला. त्यांचे वडील तिथे मिशनचे डॉक्टर होते. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झालेल्या या कोकणात जन्मलेल्या अमेरिकनाला राजदूत म्हणून तारापूरच्या इंधनाचाच तिढा सोडवत बसावे लागले. आणि खुद्द कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत विक्रोळीला आल्या होत्या. तिथल्या दवाखान्यात त्यांनी जवळजवळ दोन वर्षे रुग्णसेवा केली. विक्रोळीहून ट्रॉम्बे फार लांब नाही.

याहून चकित करणारी गोष्ट कार्टर यांच्या तरुणपणातली आहे. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स या अणुभट्टीत मोठा अपघात झाला. भट्टीचे खराब झालेले भाग काढायला अमेरिकी नौदलाची एक तुकडी गेली. तिचा प्रमुख होता अठ्ठावीस वर्षांचा लेफ्टनंट कार्टर. आत किरणोत्सर्ग इतका होता की एकेका माणसाला दीडेक मिनिटच काम करता येई. म्हणून जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. कोणता बोल्ट कुठे आहे, कोणता आधी काढायचा, याची तिथे घोकंपट्टी करायची आणि मग खाली उतरून धावत काम करून यायचे. याच एनआरएक्सच्या धर्तीवर कॅनडाने पुढे भारताला ट्रॉम्बेत एक भट्टी बांधून दिली. तिचे नाव सायरस. १० जुलै १९६० रोजी ती सुरू झाली. तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले होते. १९७४ च्या पोखरणच्या पहिल्या अणुस्फोटातले प्लुटोनियम याच सायरसमधले. कार्टर यांच्या पत्रातला थंडपणा नुसत्या राजकारणातून आलेला नव्हता. अणुभट्टी बिघडते म्हणजे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

तारापूरची सुरुवात मात्र मैत्रीच्या दिवसांत झाली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या काठावर येऊन उभे राहिले. नेमक्या त्याच आठवड्यांत चीनने हिमालयात भारतावर हल्ला केला. नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. काठावरून मागे फिरलेल्या दोन्ही महासत्तांनी ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत ब्रिटनसह अणुचाचण्यांवरच्या अंशतः बंदीचा करार केला. त्यावर सही करणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. आणि मॉस्कोतल्या सहीनंतर तिसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, वॉशिंग्टनमध्ये भारत आणि अमेरिका यांचा तारापूरचा करार झाला. मुदत तीस वर्षांची.

भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा यांचा दीर्घ पल्ल्याचा विचार नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचा होता. पण तारापूरसाठी जगभरातून बोली मागवल्या, तेव्हा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची भट्टी स्वस्त आणि लवकर उभी राहणारी ठरली. सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्जही अमेरिकेने अगदी अल्प व्याजाने दिले. बांधकाम बेक्टेल कंपनीने केले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी देशातल्या या पहिल्या अणुवीज केंद्राचे दोन संच रीतसर वीज देऊ लागले. महाराष्ट्र आणि गुजरात यांनी ती वाटून घेतली.

अडचण इंधनात होती. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये भट्टीत जळणारा भाग शंभरात एकाहूनही कमी असतो. तारापूरच्या भट्टीला तो शंभरात दोन-अडीच लागतो. हे प्रमाण वाढवणे म्हणजे युरेनियम समृद्ध करणे. ते तंत्र त्या काळी मोजक्याच देशांकडे होते, आणि तेच तंत्र पुढे नेले की बॉम्बचा माल तयार होतो, म्हणून ते कोणी शिकवत नव्हते. समृद्ध युरेनियम अमेरिकेतून यायचे, हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या बनायच्या, त्या धातूच्या लांब नळ्यांत भरल्या जायच्या आणि नळ्यांचे जुडगे तारापूरला जायचे. एका भट्टीत असे २८४ जुडगे. करारातले कलम तर आणखी आवळणारे होते. या केंद्राला लागणारे इंधन अमेरिकेने पुरवायचे, आणि भारताने तिथे दुसऱ्या कोणाचे इंधन वापरायचे नाही. सही झाली तेव्हा हे कलम पुरवठ्याची हमी वाटले. पंधरा वर्षांनी तेच गळ्याशी आले.

दात्याच्या मर्जीवर राहणे काय असते, हे याच वर्षांत महाराष्ट्राच्या ताटातही दिसत होते. १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतला गहू आणि लाल मिलो ज्वारी रेशनवर आले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तो साठा दीर्घ मुदतीने न देता थोडा थोडा सोडत होते. भारत व्हिएतनामवर काय बोलतो, शेतीचे धोरण कसे आखतो, हे पाहून पुढचे जहाज सुटत होते. बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातल्या जुन्या माणसांना मिलोची ती भाकरी आठवते. इंधनाच्या बाबतीतही असेच होऊ शकते हे दिल्लीला कळायला हवे होते, असे आज म्हणता येते. पण त्या घडीला वीज हवी होती, पैसा नव्हता आणि समोर आलेला करार चांगला होता. भाभांना त्यासाठी दोष देणे न्यायाचे नाही.

१८ मे १९७४ रोजी राजस्थानातल्या पोखरणला जमिनीखाली स्फोट झाला. भारताने त्याला शांततामय स्फोट म्हटले. कॅनडाने तत्काळ अणुसहकार्य थांबवले आणि १९७६ मध्ये ते पूर्णपणे तोडले. अमेरिकेने तारापूरचे इंधन अडवून धरले आणि ते स्फोटासाठी वापरणार नाही अशी हमी मागितली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी सेठना यांनी ती लेखी दिली. वस्तुतः तारापूरच्या इंधनाचा पोखरणशी काही संबंध नव्हता. या दोन भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख १९७१ पासून होती आणि तिथे नियम मोडल्याचा आरोप कोणी केलेला नव्हता. ट्रॉम्बेत जे झाले, त्याची शिक्षा तारापूरला मिळत होती.

ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दिल्लीत आले. बांगलादेश युद्धात अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात येऊन गेल्याला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती आणि वर पोखरणची भर पडली होती. तरी २८ ऑक्टोबरला चव्हाण आणि किसिंजर यांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या. राग असताना बोलणी चालू ठेवणे हे मुत्सद्द्याचे खरे काम. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या या माणसाने ते शांतपणे केले.

पोखरणने आणखी एक गोष्ट घडवली, आणि तिच्याकडे मराठी वाचकाने नीट पाहायला हवे. १९७५ मध्ये लंडनला सात देश एकत्र बसले आणि अणुसामग्री कोणाला कशी द्यायची याचे नियम ठरवू लागले. आज त्याला अणुपुरवठादार गट म्हणतात. त्या टेबलाशी अमेरिका होती आणि सोव्हिएत संघही होता. युरोपात एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेले हे दोन प्रतिस्पर्धी या एका बाबतीत पूर्ण एकमताचे होते. कॅनडा गेल्यावर सोव्हिएत संघाने राजस्थानच्या केंद्रासाठी भारताला जड पाणी दिले खरे, पण त्यानेही आंतरराष्ट्रीय देखरेखीची अट घातलीच. मॉस्को आपला मित्र होता. तरी अण्वस्त्रांचे दार तिसऱ्याला उघडायचे नाही, हे त्याचे आणि वॉशिंग्टनचे समान धोरण होते.

मार्च १९७८ मध्ये कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली. जो देश आपल्या सगळ्याच्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य करणार नाही, त्याला दोन वर्षांनंतर इंधन मिळणार नाही. भारताचे म्हणणे सरळ होते. १९६३ चा करार दोन सरकारांमधला आहे, तो एका देशाच्या संसदेने नंतर केलेल्या कायद्याने बदलत नाही. मोरारजी तर बॉम्बच्या पक्के विरोधात होते आणि पुन्हा स्फोट करणार नाही असे त्यांनी जाहीर केले होते. पण सगळी केंद्रे तपासणीला खुली करायची गोष्ट निघाली की ते उलट विचारत, महासत्ता स्वतःच्या चाचण्या थांबवणार का? शस्त्रे कमी करणार का? या प्रश्नाला कार्टर यांच्याकडे उत्तर नव्हते. बॉम्ब नको म्हणणारा गांधीवादी पंतप्रधान आणि अण्वस्त्रप्रसार रोखू पाहणारा राष्ट्राध्यक्ष, दोघेही मनाने एकाच बाजूचे होते. तरी त्यांचे जमले नाही, कारण एकाला समान नियम हवे होते आणि दुसऱ्याला तूर्त इतरांसाठी नियम हवे होते.

त्या वसंतात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात तारापूरच्या इंधनावर मते दोन विरुद्ध दोन अशी पडली. कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात साडेसात टनांहून थोडे अधिक इंधन सोडले. खरी लढत १९८० मध्ये झाली. मे महिन्यात आयोगाने एकमताने नकार दिला. पण आदल्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. आता भारताला दुखावले तर तो मॉस्कोकडे आणखी झुकेल, ही धास्ती वॉशिंग्टनला होती. ज्या कार्टर यांनी कायदा केला, त्यांनीच जूनमध्ये ३८ टन इंधन देण्याचा हुकूम काढला. सप्टेंबरात प्रतिनिधिगृहाने तो २९८ विरुद्ध ९८ मतांनी फेटाळला. सिनेटनेही फेटाळला असता, तर हुकूम रद्द झाला असता. तिथे विरोधाची बाजू पृथ्वीप्रदक्षिणा केलेले अंतराळवीर जॉन ग्लेन लढवत होते. २४ सप्टेंबरला मतदान झाले. हुकूम ४८ विरुद्ध ४६ मतांनी टिकला.

केवळ दोन मते.

त्याच १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी देवकरच्या परिसरात भीमेचे पाणी फुगून पसरले. पळसदेवचे जुने गाव आणि त्याचे देऊळ पाण्याखाली गेले. पाणी आले म्हणून मोटारी आल्या, मोटारींमागून ऊस आला. जलाशयाच्या कडेला बसवलेली मोटार विजेवर चालते, आणि ती वीज राज्याच्या जाळ्यातून येते. जाळ्यात शिरलेली वीज कोयनेची, कोळशाची की तारापूरची, हे निवडून काढता येत नाही. एक मोठे केंद्र बंद पडले, तर तुटवडा सगळ्यांत वाटला जातो आणि रात्रीच्या भारनियमनात शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. सिनेटमधल्या त्या दोन मतांचा इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याशी संबंध होता तो असा. अफगाणिस्तानच्या डोंगरात घडले, त्याने वॉशिंग्टनचे मन वळले आणि पालघरच्या किनाऱ्यावरची भट्टी चालू राहिली.

पुढचा प्रवास भराभर सांगण्यासारखा आहे. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या. १९६३ चा करार तसाच ठेवायचा, पण इंधन फ्रान्सने द्यायचे, अशी तोड रोनाल्ड रेगन यांच्याबरोबर निघाली. अमेरिकेचा कायदा मोडला नाही आणि भारताची अट सुटली नाही. १९९३ मध्ये कराराची तीस वर्षे भरली, तेव्हा फ्रान्सनेही हात आवरला. दरम्यान भारतीय शास्त्रज्ञांनी युरेनियम आणि प्लुटोनियम यांचे मिश्र इंधन करून त्याच भट्टीत वापरून दाखवले. १९९५ मध्ये चीनने इंधन दिले. ज्या चीनच्या १९६४ मधल्या अणुस्फोटाने भारताला अण्वस्त्राचा विचार करायला लावले, त्या चीनने. २००१ मध्ये रशियाने दिले, तेही पुरवठादार गटातल्या बहुतेक देशांचा विरोध पत्करून. अमेरिका, फ्रान्स, चीन, रशिया. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी चौघांचे इंधन या दोन भट्ट्यांमध्ये जळले आहे.

२००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी अणुकरार जाहीर केला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. तारापूरचा अनुभव त्या पिढीच्या हाडीमांसी होता. बाहेरून इंधन घ्यावे, पण स्वतःच्या संशोधनाची, विशेषतः जलद प्रजनक भट्ट्यांची, दारे त्या बदल्यात उघडू नयेत, हे त्यांनी जाहीरपणे आणि ठामपणे सांगितले. मार्च २००६ मध्ये ठरलेल्या नागरी आणि लष्करी अणुकेंद्रांच्या विभाजनात तारापूरचे पहिले दोन संच देखरेखीखाली राहिले. शेजारी भारताने स्वतः बांधलेले प्रत्येकी ५४० मेगावॉटचे संच तीन आणि चार देखरेखीबाहेर ठेवले गेले. आज एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या भट्ट्या आहेत. त्याच विभाजनानुसार सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली.

कार्टर यांनी मार्च २००६ मध्येच या अणुकराराविरुद्ध वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात, गरिबांसाठीच्या घरांच्या बांधकामाला हातभार लावायला आले. तेव्हा त्यांनी ८२ वर्षे पूर्ण केली होती. करार २००८ मध्ये पूर्ण झाला. भारताबाबत त्यांचा हिशेब चुकला, असे मानायला जागा आहे. पण त्यांची कळकळ खोटी नव्हती, आणि मराठी लेखनात त्यांचा उल्लेख केवळ त्या मायक्रोफोनपुरता होतो, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

या सगळ्या कहाणीत ज्यांची नावे कुठल्याच करारात नाहीत, असे लोक तारापूरच्या भोवती राहतात. संच तीन आणि चार बांधायचे ठरले, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवावी लागली. कोळी, शेतकरी, मजूर अशी ती वस्ती. पुनर्वसनातली घरे, नोकऱ्या, समुद्रावरची वाट यांसाठी गावकरी मोर्चांपासून न्यायालयापर्यंत झगडले. उजनीत गाव गमावलेल्या पळसदेवच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. देशाच्या पाण्यासाठी एकाने घर दिले, विजेसाठी दुसऱ्याने.

वॉशिंग्टनचे त्या काळातले कागद आता खुले होत आहेत. दिल्लीतल्या मुत्सद्द्यांनी आणि शास्त्रज्ञांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आहेत. परंतु १९६० च्या दशकात पायाचे खड्डे खणणारे, पहिल्या इंधनाचे जुडगे भट्टीत उतरताना पाहिलेले तंत्रज्ञ, घिवली आणि चिंचणीचे मच्छीमार, अक्करपट्टीच्या बाया, यांच्याकडे जे आहे ते मराठीत आहे आणि बरेचसे तोंडीच आहे. ती माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि मुंबई विद्यापीठाने त्यांच्या मुलाखती या एक-दोन वर्षांत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. वाचकांपैकी कोणाच्या घरी तारापूरला नोकरी केलेले आजोबा असतील, तर त्यांनी विद्यापीठाची वाट न पाहता आजच सुरुवात करावी.